पुसायचं काय आणि ठेवायचं काय?

(या भागाचा लिखित मजकूर. मधले चहाचे घोट तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कानात हेडफोन असेल तर आवाज जरा बेतानं ठेवा. गाडी चालवत असाल तर हा भाग घरी गेल्यावर ऐका, तो कुठं पळून जात नाही.

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. अंबड तालुक्यातली एक पोरगी आपला पॉडकास्ट ऐकते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिनं लिहिलं, "दादा, ती पुसता येणारी वही घेऊ का? एकदा घेतली की परत वही घ्यायचं कामच नाही म्हणतात. पप्पा म्हणतात, त्या पैशात साध्या वह्यांचा गठ्ठा येईल. मला काही सुचंना."

मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. मग तिला गाव विचारलं, तर म्हणाली, अंतरवाली सराटीच्या शेजारी. तिथं माझी बोटं थांबली. अंतरवाली सराटी म्हटलं की तुम्हाला उपोषणाचा मांडव आठवत असेल. मला आठवतात जुने कागद. का, ते सांगतो. पण आधी त्या वहीचं बघू.

ही वही कशी चालते? यातलं सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे रॉकेटबुक, अमेरिकी कंपनी आहे. त्याच धर्तीच्या दुसऱ्या वह्याही ऑनलाइन मिळतात. यातलं पान कागदाचं नसतं, गुळगुळीत प्लास्टिकसारखं असतं. त्यावर पायलट या जपानी कंपनीच्या फ्रिक्शन पेननं लिहायचं, काही सेकंद वाळू द्यायचं, मोबाईलवर फोटो घ्यायचा आणि ओल्या फडक्यानं पान पुसायचं. झालं पान कोरं.

त्या पेनची शाई मोठी गमतीची आहे. हे पेन साध्या कागदावरही चालतं, आणि मागच्या टोकानं घासलं की अक्षर गायब होतं. खोडरबर कागद खरवडतं, तसं इथं होत नाही. घासल्यानं उष्णता तयार होते, आणि साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर ही शाई रंग सोडते. म्हणजे शाई तिथंच असते, फक्त दिसत नाही. तेच पान फ्रीझरमध्ये चांगलं गार केलं तर अक्षर परत दिसायला लागतं. अर्थात ओल्या फडक्यानं पुसलेलं परत येत नाही, कारण तिथं शाईच निघून गेलेली असते.

आता आपण कुठं राहतो ते आठवा. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर सहज जातो. या शाईत लिहिलेल्या नोट्स तिथं दुपारभर राहिल्या, तर संध्याकाळी कोरी पानं हातात येऊ शकतात. म्हणूनच सहीसाठी, प्रमाणपत्रासाठी, महत्त्वाच्या कागदासाठी हे पेन वापरू नका, असं ते बनवणारी कंपनी स्वतःच सांगते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर तर चुकूनसुद्धा नको. तिथं साधं बॉलपेन, बस.

मग ही वही वाईट का? अजिबात नाही. आणि ती नवीही नाही. आपल्या आज्यांकडे होतीच की, पाटी! काळ्या दगडाची, लाकडी चौकटीची. लिहायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, नाहीतर सरळ तळहातानं. त्याच्याही आधी धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं अक्षरं गिरवायची. धुळाक्षरं हा शब्द तिथूनच आलाय. मोबाईलचा फोटो सोडला तर पुसता येणाऱ्या वहीची सगळी कल्पना त्यात आहे.

पाटी फक्त स्वस्त म्हणून वापरत होते का? स्वस्त होतीच. पण तिचा आणखी एक फायदा होता, आणि तो अभ्यास करणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावा असा आहे. पाढा लिहिला, पुसला, परत आठवून लिहिला. पुसल्यामुळे समोर बघायला काही उरायचंच नाही, डोक्यातून काढावं लागायचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी धडा परत परत वाचला, काहींनी तो एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं निघाले. आपण परीक्षेच्या आदल्या रात्री हायलायटर मारलेली पानं चाळतो आणि वाटतं, सगळं येतंय. ते सगळं त्या पाच मिनिटांपुरतं असतं.

तेव्हा सरावाला पुसायची वही एकदम बरोबर. राज्यघटनेची कलमं, गणिताची रीत, नद्या आणि त्यांच्या उपनद्या. लिहा, पुसा, परत लिहा.

आणखी एक मुद्दा लोक या चर्चेत आणतात. हातानं लिहिलेलं लक्षात राहतं, लॅपटॉपवर टाइप केलेलं राहत नाही, असं म्हणतात. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपेनहायमर यांचा याच विषयावरचा अभ्यास खूप गाजला होता. पण २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो प्रयोग परत केला तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही. आणि आपल्या प्रश्नाला तो तसाही लागू नाही, कारण दोन्ही वह्यांत आपण हातानंच लिहितो. त्यामुळे कुणी या अभ्यासाचं नाव सांगून तुम्हाला यातली एखादी वही विकायला आलं, तर हसून सोडून द्या.

बरं, आता येतो अंतरवाली सराटीवर.

२९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील इथं उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचं नाव घराघरात पोचलं. इथून जवळच वडीगोद्रीला २०२४ च्या जूनमध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणासाठी उपोषणाला बसले होते. ऐकणाऱ्यांत दोन्हीकडची पोरं आहेत, आणि आज मी आरक्षणावर बोलणार नाही. मला फक्त एक गोष्ट दाखवायचीय. एवढं मोठं आंदोलन, आणि ते शेवटी कुठं येऊन टेकलं? जुन्या वहीतल्या एका शब्दावर. पणजोबाच्या नावापुढं 'कुणबी' लिहिलंय का?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हाच्या नोंदी शोधायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मग कपाटं उघडली, गाठोडी सुटली. महसुलाची खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, भूमी अभिलेख. काही मोडीत, काही उर्दूत, काही फारसीत. ते वाचणारी माणसं शोधावी लागली. राज्यभरात ५० लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं. पुढं २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला, त्यावरही वाद आहेच.

आता जरा विचार करा. शंभर वर्षांपूर्वी कुठलातरी पटवारी किंवा कुठलेतरी मास्तर बोरू शाईत बुडवून एक ओळ लिहितायत. नाव, बापाचं नाव, गाव, जात, तारीख. त्यांच्यासाठी ते रोजचं, कंटाळवाणं काम. कदाचित बाहेर कुणी ताटकळत उभं असेल, कदाचित जेवायची वेळ झाली असेल. या ओळीसाठी पुढं लाखो लोक रस्त्यावर येतील, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. आणि त्यांच्या हातात पुसायची वही असती तर? महिनाअखेरीला ओलं फडकं फिरवून मोकळे झाले असते.

पण इथं एक गैरसमज नको. कागद आपोआप टिकतो असं नाही. किती दफ्तरं वाळवीनं खाल्ली, किती पुरात गेली, किती जळाली, त्याची गणती नाही. जे टिकलं ते चार कारणांनी टिकलं. एक, शाई. काजळीपासून केलेली काळी शाई ऊन-वाऱ्यानं सहसा उडत नाही. दोन, कागद. चिंध्यांपासून किंवा तागापासून केलेला हातकागद. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय. आजचं वर्तमानपत्र उन्हात चार दिवसांत पिवळं पडतं, कारण त्याच्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. तीन, बांधणी. कागद सुटे नव्हते, वहीत शिवलेले होते किंवा कापडाच्या रुमालात बांधलेले होते. आणि चार, माणूस. ते सांभाळणं ही कुणाची तरी नोकरी होती.

यातल्या तिसऱ्या कारणाकडे नीट बघा. बांधलेल्या रजिस्टरात तुमच्या ओळीच्या वर एक ओळ असते, खाली एक ओळ असते. कुणी मागाहून काही घुसवलं तर शाई वेगळी दिसते, अक्षर वेगळं दिसतं, जागा अडचणीची वाटते. खाडाखोड कागद लपवत नाही. म्हणून नोंद दाखवणारा आणि तिच्यावर शंका घेणारा, दोघंही एकाच पानावर बोट ठेवून भांडू शकतात. पुसलेल्या पानावर भांडताही येत नाही, मंडळी. तिथं जो मोठ्यानं बोलेल तो खरा.

आता तुम्ही म्हणाल, दादा कागदाच्या प्रेमात पडला. नाही. कागदाची दुसरी बाजूही आपल्याच मातीतली आहे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली. त्यांना काय हवं होतं? कर्जरोखे. हिशेबाच्या वह्या. ते हातात आल्यावर त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत एका ओळीत वाचलं असेल. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिलंय हे फक्त सावकाराला माहीत. तो कागद टिकत होता, हीच तर शेतकऱ्याची पीडा होती. म्हणून १८७९ च्या कायद्यानं असे दस्त गावपातळीवरच्या निबंधकासमोर करायचं बंधन आलं. म्हणजे कागद टिकणं पुरत नाही. तो कुणाच्या ताब्यात आहे, आणि तुम्हाला तो वाचता येतो का, हेही तेवढंच मोठं.

आणि आता एक घरची गोष्ट. माझे आजोबा दुसऱ्यांचं घेणं-देणं पाटीवर लिहायचे. दाराशेजारी खिळ्याला पाटी टांगलेली. कुणी बियाण्याला पैसे नेले, कुणाचे मजुरीचे राहिले, सगळं पाटीवर. व्यवहार मिटला की तळहातानं पुसायचे. माणूस सरळ, डोकं तल्लख, कधी चुकलं नाही. ते गेले तेव्हा पाटीवर तीनच ओळी होत्या आणि त्यातली एक अर्धी पुसलेली. नाव होतं, आकडा नव्हता. दहाव्याच्या आधीच एक जण आला आणि म्हणाला, म्हाताऱ्याकडे माझे पैसे राहिलेत. खरं की खोटं, आम्हाला आजही माहीत नाही. आजीनं कानातलं मोडलं आणि दिले. म्हणाली, "त्यांच्या नावावर बोल नको." त्या माणसाला मी खोटा म्हणत नाही. कदाचित खराही असेल. पण आजीला ते ठरवायची सोयच नव्हती. एका पंचवीस पैशाच्या वहीनं ती सोय झाली असती.

म्हणून मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. कोणती वही चांगली, हा प्रश्न नाही. हे पान उद्या कुणाला लागणार आहे, हा प्रश्न आहे. ते फक्त मला लागणार असेल, आणि तेही डोक्यात शिरेपर्यंतच, तर पुसा. बिनधास्त पुसा. पण ते दुसऱ्या कुणाला लागू शकेल, आणि त्यानं त्यावर विश्वास ठेवावा असं वाटत असेल, तर ते साध्या पेननं, कागदावर, बांधलेल्या वहीत लिहा.

यावर एक आक्षेप लगेच येणार. "पण मी फोटो काढून ठेवतो ना!" बरोबर. फोटो काढाच. पण स्वतःला एक विचारा. गेल्या वर्षी फोटो काढून ठेवलेल्या नोट्सपैकी परत किती उघडल्या? गॅलरीत लग्नाचे फोटो, गुड मॉर्निंगची फुलं, रिचार्जचे स्क्रीनशॉट आणि त्यांच्यात कुठंतरी इतिहासाचा तिसरा धडा. फोन पडला, चोरीला गेला, पासवर्ड विसरला की तेही संपलं. जुने रुमाल बांधणाऱ्यांनी वर चिठ्ठी लावलेली असायची, कुठल्या गावचं, कुठल्या सालचं. आपल्या फोटोंना ती चिठ्ठी नसते. फोटो ठेवायचाच असेल तर त्याला नाव द्या, विषय आणि तारीख घाला, आणि आठवड्यातून एकदा दुसरीकडे प्रत ठेवा. एवढं करणार नसाल तर "स्कॅन आहे" म्हणू नका. ते नुसतं पुसण्याआधीचं समाधान आहे.

आता हिशेब, कारण पप्पांचा मुद्दाही खोटा नाही. समजा पुसायची वही १२०० रुपयांना आहे आणि २०० पानी साधी वही ६० रुपयांना. म्हणजे २० साध्या वह्या, ४००० पानं. तुमच्या पुसायच्या वहीत ३० पानं असतील तर प्रत्येक पान शंभरेक वेळा, त्याच्याही वर, पुसलं तर बरोबरी होते. शिवाय ते खास पेन किंवा रिफिल परत परत घ्यावी लागते, तो खर्च वेगळा धरा. रोज सराव करणारी पोरगी वर्षभरात इतकं पुसेल. हौसेनं घेऊन महिन्यानं कपाटात टाकणारा कधीच नाही. पर्यावरणाचंही तेच. प्लास्टिकची वही वापरली तर झाडं वाचतात, नाही वापरली तर तो फक्त आणखी एक प्लास्टिकचा कचरा. किमती तुम्ही तुमच्या बघा, आकडे बदलून परत मांडा. तुमचं उत्तर त्यात निघेल.

आणि पैसे नसतील तर? अहो, वर्ष संपल्यावर जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणानं शिवून आपण रफ वही करायचो, ती विसरलात? पुठ्ठा जुन्या कॅलेंडरचा. ती खरी परत वापरलेली वही. नाहीतर पाटी अजूनही दुकानात मिळते. तिला चार्जिंग लागत नाही आणि उन्हात अक्षरही उडत नाही.

तर ताई, तुझं उत्तर. सरावासाठी पुसायचं काहीतरी घे. महागडी वही, पाटी नाहीतर पांढरा बोर्ड, खिशाला झेपेल ते. पण त्यासोबत एक जाड, शिवलेली, साधी वही घे. तिच्यात दोन गोष्टी लिहायच्या. पुढून, तुझ्या पक्क्या नोट्स. सराव करून, पुसून, परत लिहून जे गाळून उरलं ते. आणि मागून, घरातल्या नोंदी. आजी-आजोबांची पूर्ण नावं, मूळ गाव, कोण कोणत्या शाळेत होतं, अंदाजे कोणत्या साली. शेताचा गट नंबर. कुणाला किती दिले, कुणाकडून किती घेतले. प्रत्येक नोंदीखाली तारीख, गाव आणि लिहिणाऱ्याचं नाव. चुकलं तर खोडरबर नाही. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही दिसत राहील.

हे सगळ्यांनीच करा, कुठल्याही समाजाचे असा. तुमच्या वहीनं दाखला मिळेल असं मी म्हणत नाही, त्याला सरकारी नोंदच लागते. पण ती नोंद कुठल्या गावात, कुठल्या शाळेत, कुठल्या नावानं शोधायची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच माहीत असतं. नोंदी शोधायच्या धावपळीत किती घरांत तेवढंच नेमकं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आणि जमलं तर मोडी शिका. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग होतात. पणजोबांचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ का यावी?

आज रात्री जेवण झाल्यावर एकच करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि विचारा, "तुमच्या आजीचं नाव काय होतं?" जे सांगतील ते लिहून घ्या. साध्या पेननं.

चला, थांबतो. पुढच्या भागात भेटू. तोवर सराव पुसत राहा, नोंदी ठेवत राहा. राम राम.